कमानपाट्यापासून कापलेल्या स्प्रिंगपर्यंत : भोसरी-चाकण पट्ट्यातील मोटारीच्या उंचीचा इतिहास

छोट्या हॅचबॅक मोटारीचे, म्हणजे मागचा दरवाजा काचेसकट वर उघडणाऱ्या आणि स्वतंत्र डिकी नसलेल्या मोटारीचे, सस्पेन्शन घरच्या घरी खाली उतरवणे ही तरुण मोटारमालकांची हौस समजली जाते. परंतु भोसरी, पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात तिच्याकडे केवळ हौस म्हणून पाहिले, तर तिचा निम्मा इतिहास हातून निसटतो. सस्पेन्शन म्हणजे चाक आणि मोटारीचा सांगाडा यांच्यामधली स्प्रिंग, दांडे आणि धक्काशोषक यांची जोडणी. मोटारीचा भार पेलणे, रस्त्याचा हादरा पचवणे आणि चाक रस्त्यावर टेकलेले ठेवणे ही तिन्ही कामे तिलाच करावी लागतात. या पट्ट्यात मोटारी तयार होतात, त्यांचे धक्काशोषक तयार होतात, मोटारींची आणि त्यांच्या भागांची कसोटी घेणाऱ्या संस्थाही याच परिसरात आहेत, आणि कारखान्याने ठरवलेली उंची ग्राइंडरने बदलणारे हातही येथे सापडतात. गेल्या पाऊणशे वर्षांत येथील स्प्रिंगविद्या पाट्यांची दुरुस्ती, कारखान्यातील उत्पादन आणि मालकाने स्वतः केलेला बदल अशा तीन टप्प्यांतून गेली. तिसऱ्या टप्प्यात जे बिघडते, ते बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यातील सवय दुसऱ्या टप्प्यातील यंत्राला लावल्यामुळे बिघडते.

भोसरी हे मूळचे शेतीचे गाव, आणि शेतकऱ्याच्या बैलगाडीला स्प्रिंग नसे. आस थेट साट्याखाली बसवलेला असल्यामुळे रस्त्याचा प्रत्येक दगड माणसाला आणि मालाला सारखाच जाणवत असे. टांग्याला मात्र कमानी असत. कमान म्हणजे निरनिराळ्या लांबीच्या पोलादी पट्ट्या एकीवर एक रचून, मध्यभागी बोल्टने आवळून, धनुष्याप्रमाणे बाक दिलेली स्प्रिंग होय. हीच रचना पुढे मालमोटारीने आणि बसने उचलली आणि मराठीत तिला कमानपाटे हे नाव रूढ झाले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली आणि पुढे एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा भोसरीपासून जवळच असलेल्या दापोडीत उभी राहिली. ग्रामीण महाराष्ट्रात ‘कमानपाटा तुटला’ हे बस रस्त्यात उभी राहण्याचे इतके परिचित कारण होते, की मोटारीचे यंत्रशास्त्र ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनाही हा शब्द ठाऊक होता.

पाटे दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे काम लोहाराच्या कामाला जवळचे होते. तुटलेला पाटा काढून नवा घालणे, बाक गेलेला पाटा भट्टीत तापवून पुन्हा वाकवणे, यू-बोल्ट आवळणे, टोकांच्या डोळ्यांतील बुश बदलणे ही त्याची नित्याची कामे. आणि गाडीमालक जास्त भार लादणार असेल, तर मागणीप्रमाणे तो एखादा जादा पाटाही चढवीत असे. या व्यवसायाची दिशा नेहमी वरच्या बाजूस होती, कारण ‘गाडी बसली’ याचा अर्थ गाडी बिघडली एवढाच होता आणि पैसे मोजून गाडी मुद्दाम बसवून घ्यावी ही कल्पना त्या जगात हास्यास्पद ठरली असती. पाट्यांच्या स्प्रिंगचा आणखी एक गुण येथे लक्षात ठेवला पाहिजे. पाटे दबताना एकमेकांवर घासतात आणि या घर्षणामुळे स्प्रिंगची वरखाली उसळी काही अंशी आपोआप शमते. त्यामुळे एखादा पाटा वाढवला वा कमी केला तरी गाडी कडक किंवा मऊ होई, पण तिचे वागणे एकदम हाताबाहेर जात नसे. सुटा भाग एकटा बदलता येतो, ही कारागिराची समजूत या गुणावर उभी होती.

दुसरा टप्पा कारखान्यांबरोबर आला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे बोलीतल्या एमआयडीसीची, स्थापना झाली, आणि त्याच दशकात आकुर्डीला बजाज व पिंपरीला टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, यांनी पाय रोवले. मोठ्या कारखान्याला लागणारा प्रत्येक भाग तो स्वतः करीत नाही. म्हणून भोसरीच्या एमआयडीसीत पत्रादाब, लेथकाम, ढलाई, उष्णतासंस्करण आणि रंगकाम करणारे लहान उद्योग वाढले आणि ‘जॉबवर्क’, म्हणजे दुसऱ्याच्या आराखड्याबरहुकूम मजुरीने केलेले काम, हा येथील अर्थव्यवहाराचा पाया झाला. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली. धक्काशोषक बनवणारी गॅब्रिएल इंडिया १९६१ मध्ये मुंबईच्या मुलुंडमध्ये सुरू झाली होती. पुढे तिचा कारखाना चाकणजवळ पुणे-नाशिक महामार्गावर आला. अशा उद्योगांत काम करणाऱ्या पिढीने मोजमापाची जी शिस्त अंगी बाणवली, ती पाटेवाल्याच्या अंदाजपंचे कसबाहून वेगळी होती : येथे मायक्रोमीटर बोलत असे आणि आराखड्यावरची मर्यादा ओलांडलेला नग बाद होत असे.

याच काळात कसोटीच्या संस्थाही उभ्या राहिल्या. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्य केंद्र पुण्यातील वेताळ टेकडीवर असून पुढे चाकणलाही तिची शाखा झाली. १९६७ मध्ये स्थापन झालेली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट, म्हणजे सीआयआरटी, तर खुद्द भोसरीतच पुणे-नाशिक रस्त्यावर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार नव्या प्रकारच्या वाहनाचा नमुना ज्या अधिकृत संस्थांकडून तपासून घ्यावा लागतो, त्यांत या दोन्ही संस्थांचा समावेश आहे. म्हणजे मोटारीची उंची, ब्रेकचे अंतर, दिव्याची पातळी या गोष्टी मान्यतेच्या कागदावर जेथे पक्क्या होतात, ती जागा आणि त्या बदलण्याची हौस जेथे भागवली जाते, ती जागा यांच्यामधले अंतर या पट्ट्यात काही किलोमीटरचेच आहे.

छोटी मोटार सर्वसामान्य मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात येऊ लागली ती डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मुळे. तिच्या पहिल्या रूपात मागच्या बाजूला पाट्यांचीच स्प्रिंग होती. १९८६ मध्ये आलेल्या नव्या रूपात मागेही गुंडाळी स्प्रिंग, म्हणजे पोलादी सळई मळसूत्राप्रमाणे वळवून केलेली स्प्रिंग, आली. पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट ही रचना होती. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि १९५० मध्ये फोर्डच्या इंग्लंडमधील मोटारींतून प्रसिद्ध झालेल्या या रचनेत धक्काशोषकाची नळी हाच चाकाला उभे धरणारा खांब असतो, गुंडाळी स्प्रिंग त्याच खांबाभोवती दोन वाट्यांमध्ये बसते आणि खालून एकच आडवा दांडा, म्हणजे लोअर आर्म, चाकाला सांगाड्याशी बांधतो. जागा कमी लागते आणि खर्चही कमी येतो, म्हणून लहान मोटारींनी ही रचना जगभर स्वीकारली. पिंपरीत आखलेली आणि तेथेच बनलेली टाटा इंडिका १९९८ च्या अखेरीस बाजारात आली, तेव्हा तिच्याही पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आणि मागच्या चाकांना गुंडाळी स्प्रिंगच होती.

या बदलाचा अर्थ रस्त्यावरच्या कारागिराला लगेच उमगण्याजोगा नव्हता. गुंडाळी स्प्रिंगमध्ये घासणारे पाटे नसतात, त्यामुळे तिची उसळी शमवण्याचे जवळजवळ सगळे काम धक्काशोषकाला, गॅरेजच्या बोलीत शॉकअपला, करावे लागते आणि कारखाना या दोघांना एकमेकांच्या मापाने घडवतो. पाटा एकटा बदलता येत होता; गुंडाळी स्प्रिंग एकटी बदलली की जोडीचे संतुलन मोडते. मोटारी उतरवण्याची हौस नेमकी अशा वेळी आली, जेव्हा यंत्र बदलले होते आणि सवय जुनीच होती.

ही हौस मूळची इथली नाही. अमेरिकेच्या कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे मोटारी जमिनीलगत आणण्याची प्रथा रुजवली, १९५८ पासून त्या राज्याच्या कायद्याने चाकाच्या रिमच्या खालच्या कडेखाली गाडीचा भाग येईल अशा बदलाला मनाई केली, तेव्हा रॉन अगिरे याने १९५९ मध्ये विमानातील हायड्रॉलिक पंप वापरून गाडी हवी तेव्हा वर आणि हवी तेव्हा खाली करण्याची युक्ती काढली. ही मनाई थेट २०२४ च्या आरंभी उठली. युरोपात मात्र हौसेचे कारण शर्यतीचे होते : १९७६ च्या फोक्सवॅगन गॉल्फ जीटीआयने किंचित खाली बसलेली आणि कडक सस्पेन्शनची हॅचबॅक कारखान्यातूनच दिली आणि खाली बसलेली मोटार म्हणजे वळणावर चपळ मोटार हे समीकरण लोकांच्या मनात पक्के केले. महाराष्ट्रात हे समीकरण नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून इंग्रजी मोटार-मासिके, उपग्रह वाहिन्या आणि २००१ नंतरचे शर्यतीचे हॉलिवूडपट यांच्यामार्फत पोचले. २००५ मध्ये आलेल्या मारुती स्विफ्टसारख्या मोटारी त्याला साजेशा होत्या.

चाकणच्या उदाहरणात या कथेचा विरोधाभास पूर्णपणे प्रकट होतो. ३१ मार्च २००९ रोजी चाकणमध्ये फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथे पोलो या हॅचबॅकचे उत्पादन सुरू झाले, ते २०२२ पर्यंत चालले. भारतीय रस्ते ध्यानात घेऊन या मोटारीची उंची युरोपातील पोलोपेक्षा वाढवलेली होती. तिच्या पोटाखाली १६८ मिलिमीटर मोकळी जागा ठेवलेली होती. जी उंची अभियंत्यांनी येथील खड्ड्यांसाठी मुद्दाम मिळवली, तीच काढून टाकण्यात हौशी मालकाला मोटारीचे ‘खरे’ रूप दिसत असे, कारण त्याच्या डोळ्यांपुढे युरोपातील छायाचित्र होते.

घरी हे काम कसे केले जाते, ते बारकाईने पाहिल्याशिवाय त्यातील धोका कळत नाही. चाकाच्या नटा गाडी जमिनीवर असतानाच सैल केल्या जातात, जॅकने गाडी उचलून सांगाड्याखाली घोडी, म्हणजे भार पेलणारा लोखंडी टेकू, लावली जाते, चाक काढून ब्रेकच्या नळीची पकड सोडवली जाते, खालचे दोन बोल्ट आणि बॉनेटखालच्या वरच्या नटा काढून स्ट्रट बाहेर येतो. स्ट्रटमधली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत कोंडलेली असते; दोन्ही बाजूंना आकडे लावून तिला आणखी दाबणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर नसताना वरची नट सोडली, तर ती शेकडो किलोंच्या जोराने उसळते. यानंतर एक वाट असते ती त्या मोटारीसाठी बनवलेली आखूड स्प्रिंग घालण्याची. दुसरी असते उंची जुळवता येणारा संपूर्ण स्ट्रट, ज्याला कॉइलओव्हर म्हणतात, तो बसवण्याची. आणि तिसरी, फुकटची, असते ग्राइंडरने स्प्रिंगचे एक-दोन वेढे कापून टाकण्याची. गॅसकटरने स्प्रिंग तापवून बसवणे हा याहून वाईट प्रकार होय, कारण ठरावीक तापमानाच्या संस्काराने पोलादाला दिलेली लवचीकता त्या आचेने निघून जाते आणि अशी स्प्रिंग पुढे बसत तरी जाते किंवा तुटते.

वेढा कापण्याचा परिणाम साध्या गणिताने कळतो. गुंडाळी स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. उदाहरणादाखल सहा वेढ्यांची, ३०० मिलिमीटर लांब स्प्रिंग घ्यावी, जी एक मिलिमीटर दाबायला २ किलो भार लागतो. तिच्यावर ३०० किलो भार आला की ती १५० मिलिमीटर दबते आणि १५० मिलिमीटरवर स्थिरावते. एक वेढा कापला की लांबी २५० होते, कडकपणा २.४ किलो होतो, दाब १२५ मिलिमीटर पडतो आणि स्प्रिंग १२५ वर स्थिरावते. म्हणजे ५० मिलिमीटर पोलाद कापून गाडी २५ मिलिमीटरच उतरते. मालकाचे एवढ्यावर समाधान होत नाही, म्हणून तो दुसरा वेढा कापतो : लांबी २००, कडकपणा ३ किलो, गाडी एकूण ५० मिलिमीटर खाली. स्ट्रट पूर्ण लांबल्यावर दोन वाट्यांमधले अंतर २३० मिलिमीटर होत असेल, तर आता चाक खड्ड्यात लोंबताच २०० मिलिमीटरची स्प्रिंग वाटीतून ३० मिलिमीटर सैल पडते आणि चाक पुन्हा टेकताना ती तिरकी बसू शकते. शिवाय कडकपणा दीडपट झाला तरी शॉकअप जुन्या स्प्रिंगच्या मापाचाच राहतो, म्हणून गाडी एकाच वेळी कडक आणि उसळती होते.

मॅकफर्सन स्ट्रटचा स्वभावही येथे आड येतो. गाडी उतरली की लोअर आर्मचे आतले टोक खाली जाते आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी वळणावर कलंडते, तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली सरकतो. या दोहोंतील अंतर वाढल्यामुळे, कडकपणा पुरेसा वाढवला नाही तर, खाली आणलेली गाडी वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलू शकते. चाकाचा उभा कल, ज्याला कॅम्बर म्हणतात, आणि पुढच्या चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, ज्याला टो म्हणतात, ही दोन्ही मापे बदलतात, म्हणून व्हील अलाइनमेंट पुन्हा न केल्यास टायरची एक कड झिजून जाते. चपळाईसाठी केलेला बदल अशा रीतीने नेमकी चपळाईच हिरावून घेऊ शकतो.

रस्त्याचाही हिशेब मांडला पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूत्रांत गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर आणि गोलाईची त्रिज्या १७ मीटर सांगितली आहे. छोट्या हॅचबॅकची पुढची-मागची चाके सुमारे २.४ मीटर अंतरावर असतात, म्हणजे प्रमाणित गतिरोधकावर चारही चाके एकाच वेळी चढलेली असतात आणि तेव्हा पोटाखाली फक्त ४२ मिलिमीटरचा उंचवटा येतो. ५० मिलिमीटर उतरवलेली पोलोसुद्धा तेथून सहज जाईल. अडचण होते ती गल्लीच्या तोंडाशी डांबराचा आखूड आणि उंच ढिगारा करून बनवलेल्या गतिरोधकावर, कारण तो संपूर्णच्या संपूर्ण दोन चाकांच्या मध्ये पोटाखाली येतो. म्हणून ‘आपले रस्ते उतरवलेल्या गाडीसाठी नाहीत’ या तक्रारीत तथ्य असले, तरी तिचा अर्धा रोख नियम मोडून बांधलेल्या गतिरोधकांकडे असायला हवा.

कायद्याने या हौसेकडे क्रमाक्रमाने कठोर नजरेने पाहिले. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार नोंदणी अधिकाऱ्याला कळवण्याची अट होती; १९८८ च्या कायद्याच्या कलम ५२ ने पूर्वपरवानगी आवश्यक केली; २००० च्या दुरुस्तीने नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई केली, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. तथापि नोंदणी प्रमाणपत्रात चाकांमधले अंतर, विनाभार वजन, आसनक्षमता अशा बाबी असतात, पोटाखालच्या मोकळ्या उंचीचा रकाना त्यात नाही; म्हणून एमएच १४, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या नोंदणी क्रमांकाची, उतरवलेली मोटार कागदोपत्री तशीच राहते आणि तिचा निवाडा रस्त्यावरच्या अधिकाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहतो.

जर्मनीने वेगळा मार्ग काढला. तेथे आखूड स्प्रिंगचा संच अमुक मोटारीसाठी तपासून घेतला जातो, त्याच्यासोबत कसोटीचा दाखला दिला जातो, आणि बसवल्यानंतर परीक्षकाने मोटार पाहून कागदावर नोंद केली की ती रस्त्यावर कायदेशीर ठरते. म्हणजे हौसेला मनाई नाही आणि अंदाजाला थारा नाही. असा मार्ग भारतात कोठे शक्य असेल, तर तो प्रथम याच पट्ट्यात शक्य आहे, कारण स्प्रिंगचे पोलाद, शॉकअपचा कारखाना, मोजणारे हात आणि दाखला देणाऱ्या संस्था येथे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तो निघेपर्यंत मात्र इतिहासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे : उंची हा सुटा भाग नसून स्प्रिंग, शॉकअप आणि दांड्यांची भूमिती या सर्वांच्या मेळातून निघालेले माप आहे, ते फक्त त्या मेळासकट आणि कायद्याने परवानगी दिल्यासच बदलावे, आणि ग्राइंडर स्प्रिंगला लावू नये.